टाळ कुठे वाजतो, नजर कुठे जाते: साडेतीन वर्षांच्या मुलीच्या डोळे तपासणीचं एक प्रकरण

मुलगी साडेतीन वर्षांची. डावा डोळा नाकाकडे वळतो, ही अंगणवाडीतल्या तपासणीत आलेली नोंद. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकाने तिला आमच्या ग्रामीण रुग्णालयाची चिठ्ठी दिली होती. हा कार्यक्रम २०१३ च्या फेब्रुवारीत पालघरहून सुरू झाला, आणि आमच्याकडे येणारी बरीच लहान मुलं आज त्याच वाटेने येतात. आमचा भाग साताऱ्याच्या पूर्वेचा, एसटीच्या वेळा धरून चालणारा. तिच्या आईच्या पिशवीत आधीच्या दोन ठिकाणचे कागद होते. एकावर लिहिलं होतं, ‘सहकार्य नाही’. दुसऱ्यावर, ‘पाच वर्षांची झाल्यावर आणावे’.

या दुसऱ्या ओळीची मला भीती वाटते. डोळा मेंदूला बघायला शिकवतो ते पहिल्या सात-आठ वर्षांत. त्या काळात एका डोळ्याचं चित्र सतत अंधुक राहिलं किंवा डोळा वळलेला राहिला, तर मेंदू त्याच्याकडे दुर्लक्ष करायला शिकतो. त्यालाच आपण आळशी डोळा म्हणतो. वेळ जाईल तसे उपचार अवघड होतात. शिवाय आत वळणारा डोळा क्वचित डोळ्याच्या आतल्या पडद्यावरच्या (रेटिनावरच्या) गाठीचं पहिलं लक्षण असतो. त्यामुळे बाहुली मोठी करून पडदा बघितल्याशिवाय असं मूल परत पाठवू नये. मूल बसत नाही, रडतं, हे खरंच असतं. पण तेवढ्यासाठी दीड वर्ष थांबणं मला पटत नाही.

पहिल्या भेटीत मीही चुकले, ते आधी सांगते.

पांढरा कोट बघताच तिने आईच्या मानेत तोंड खुपसलं. मी कोट काढून ठेवला. टॉर्चवर लावायचं लाल बदक दाखवलं, ते तिने एकदाच बघितलं. लहान मुलांचे डोळे तपासणाऱ्यांमध्ये एक जुनी म्हण आहे: एक खेळणं, एक नजर. दुसऱ्यांदा त्याच खेळण्याला किंमत नसते. मग मी आईला म्हटलं, ‘मोबाईलवर गाणं लावा.’ आईने लावलं. मुलगी शांत झाली, मांडीवरच्या मोबाईलकडे बघत राहिली, आणि मी खूश होऊन रेटिनोस्कोप हातात घेतला.

रेटिनोस्कोपीत आम्ही डोळ्यात प्रकाशाची एक पट्टी फिरवतो आणि बाहुलीत दिसणारी सावली कुठल्या दिशेला सरकते ते बघतो. समोर भिंगं धरत जायचं. सावली सरकायची थांबली की तिथे नंबर. मुलाने काही बोलायची गरज नाही, म्हणूनच ही तपासणी लहान मुलांसाठी सगळ्यात मोलाची. फक्त एक अट आहे: मुलाची नजर लांब हवी. जवळ बघताना डोळ्यातलं भिंग फुगतं, आणि मुलांचं ते इतकं लवचीक असतं की मोठा प्लस (दूरदृष्टीचा) नंबर सहज लपवून टाकतं. मोबाईल तिच्या डोळ्यांपासून जेमतेम वीतभर होता. उजव्या डोळ्याचं माप कधी शून्य यायचं, कधी +१.५०. डाव्याचं +२ पासून +४ पर्यंत हिंदकळत होतं. सावली डोळ्यासमोर बदलत होती आणि मी पुन्हा पुन्हा भिंगं बदलत बसले. चूक भिंगांची नव्हती. गाण्याने मुलगी शांत झाली होती, पण त्याच गाण्याने तिची नजर मांडीवर नेऊन ठेवली होती. मला हवी होती ती सहा मीटरवर.

त्या दिवशी सोबत तिचे आजोबा होते, गावच्या भजनी मंडळातले. सप्ताहाहून थेट दवाखान्यात आले होते, खांद्याच्या पिशवीत टाळ. मी कंटाळून रेटिनोस्कोप खाली ठेवला आणि आईने मोबाईल काढून घेतला तेव्हा मुलीने पुन्हा सूर काढला. आबांनी दारात पिशवी खाली ठेवली. आत टाळ एकमेकांवर घासले, किण्ण असा बारीक आवाज आला. मुलीचं रडणं मधेच तुटलं. तिने मान वळवली आणि दाराकडे बघत राहिली. मी मोजलं नाही, पण तीन-चार सेकंद नक्की. ज्यांनी कधी लहान मुलाची रेटिनोस्कोपी केलीय त्यांना ठाऊक असेल, चार सेकंद म्हणजे चैन आहे.

यात चमत्कार काही नाही. मध्यमेंदूत सुपीरिअर कॉलिक्युलस नावाचा एक भाग आहे, तिथे कानाची आणि डोळ्याची दिशा एकत्र जुळते. आवाज जिकडून येतो तिकडे डोळे वळतात. नवजात बाळसुद्धा आवाजाकडे डोळे वळवतं. शाळांत आणि शिबिरांत फोटोस्क्रीनर नावाचं यंत्र वापरतात, ते साधारण एक मीटरवरून दोन्ही डोळ्यांचं माप घेतं. त्यातल्या काहींतून पक्ष्याच्या चिवचिवाटासारखा आवाज येतो, आणि तो येतो खुद्द कॅमेऱ्यातूनच. मुलाने बघायचंही तिथेच असतं. बनवणाऱ्यांनी आवाज आणि नजर एका जागी बांधलीत. मी मात्र आवाज मांडीवर ठेवून नजर समोर मागत होते.

आमची तपासणीची खोली तीन मीटरची. दार उघडं टाकलं, बाहेरच्या व्हरांड्यात भिंतीला टेकून आबांना स्टुलावर बसवलं. मुलीच्या खुर्चीपासून टेपने मोजून सहा मीटर. मुलीच्या नजरेच्या रेषेत माझं डोकं येऊ नये म्हणून मी किंचित बाजूला सरकले. आबांना सांगितलं, ती तुमच्याकडे बघत असेल तोवर हळू वाजवा, नजर हलली की थांबा.

‘म्हणजे ती बघंल तर टाळ, न बघंल तर गप?’ आबांनी विचारलं.

‘हो, तसंच.’

‘मग आठ मात्रा वाजवतो आन् थांबतो. ती वाट बघंल.’

ही सूचना त्यांची, माझी नव्हे, आणि या सगळ्या प्रकरणातली सगळ्यात उपयोगी गोष्ट तीच ठरली. भजनी ठेका आठ मात्रांचा. आबा एक आवर्तन वाजवायचे आणि हात थांबवायचे. मुलीचे डोळे टाळ वाजताना स्थिर असायचेच. पण आवर्तन संपून पुढचं सुरू होण्याआधीच्या त्या शांततेत ते अगदी खिळलेले असायचे. आता वाजेल, आता वाजेल, या अपेक्षेत ती पापणीही हलवत नव्हती. माझी चांगली मापं सगळी त्या रिकाम्या जागेत आली. उजवा +२.५०, डावा +४.५०, दोन-तीनदा घेतली तरी तीच. मोबाईलने लपवलेला नंबर वर येऊ लागला होता. सगळा अजून आला नव्हता, कारण मुलांचं भिंग लांब बघतानाही थोडं आवळलेलं राहतं. पण दिशा कळली.

मग झाकून बघण्याची चाचणी. एक डोळा झाकायचा आणि उघडा डोळा समोरच्या गोष्टीवर बसण्यासाठी हलतो का ते बघायचं. इथे निव्वळ आवाज पुरत नाही. आवाज नजरेला दिशा देतो, पण भिंगाने किती फोकस करायचा ते ठरवतो डोळ्यासमोरचा बारीक तपशील. आत वळणाऱ्या डोळ्यात हा फोकसच खरा गुन्हेगार असू शकतो, म्हणून तो ठरलेला ठेवावा लागतो. आबांच्या छातीवर, टाळांच्या जरा वर, मी घराचं एक छोटं चित्र चिकटवलं आणि मुलीला विचारलं, आबांनी काय लावलंय? ‘घर’, ती म्हणाली. त्या दिवसातला तिचा पहिला शब्द.

डावा डोळा झाकला. ती टाळ ऐकत, घर बघत बसली. उजवा झाकला. तिने झटक्याने डोकं बाजूला काढलं, माझा हात ढकलला. टाळ चालूच होते. पुन्हा डावा झाकला, काही तक्रार नाही. पुन्हा उजवा, पुन्हा ढकलाढकली. रडणाऱ्या मुलाने दोन्ही वेळा हात ढकलला असता आणि मला काहीच कळलं नसतं. टाळांमुळे भीती बाजूला झाली होती, म्हणून जे उरलं ते स्वच्छ वाचता आलं. उजवा झाकला की तिला नीट दिसत नव्हतं. नीट सांगता न येणाऱ्या वयात ती हाताने सांगत होती की डावा डोळा कमजोर आहे. टॉर्चचा ठिपका डाव्या बुबुळावर मध्यापासून बाहेरच्या बाजूला साधारण दोन मिलिमीटर सरकलेला दिसला. ढोबळ हिशेबात एक मिलिमीटरला १५ प्रिझम (तिरळेपणा मोजायचं एकक), म्हणजे सुमारे ३० प्रिझम आतला तिरळेपणा.

भिंग सैल पाडून पूर्ण नंबर मोजता यावा म्हणून आईला ॲट्रोपिनचं एक टक्का मलम दिलं. दिवसातून दोनदा, तीन दिवस, तांदळाच्या दाण्याएवढं, दोन्ही डोळ्यांत. लावल्यावर डोळ्याचा नाकाकडचा कोपरा मिनिटभर दाबून धरायचा, गालावर आलेलं पुसायचं, आपले हात धुवायचे. तोंड लाल झालं, ताप आला तर बंद करून फोन करायचा. बाहुली आठ-पंधरा दिवस मोठी राहील, ऊन सहन होणार नाही, जवळचं धूसर दिसेल, हे सगळं आधीच सांगितलं, नाहीतर घरात घबराट होते. चौथ्या दिवशी सकाळी मलम लावायचं नाही, कारण बुबुळावर त्याचा थर राहिला तर सावली दिसत नाही. घरी मलम घालून आलेल्या मुलाला दवाखान्यात थेंब टाकावे लागत नाहीत, हा या पद्धतीचा आणखी एक फायदा. रडण्याचं निम्मं कारण गेलेलं असतं.

दुसरी भेट गुरुवारी ठेवली, नेत्रतज्ज्ञ येण्याचा दिवस. आबा टाळ घेऊन तयारच होते आणि सरळ व्हरांड्यातल्या स्टुलाकडे निघाले. मी त्यांना थांबवलं. आज जागा वेगळी होती.

ॲट्रोपिनने भिंग सैल पडलेलं असतं, ते आवळतच नाही. त्यामुळे आज तिने जवळ बघितलं तरी माप बिघडणार नव्हतं. उलट आज तिने माझ्या उजेडाकडेच बघायला हवं होतं, कारण तिरकं बघणाऱ्या डोळ्याचं माप घेतलं की नंबरात, विशेषतः सिलिंडरमध्ये (एकाच दिशेतल्या नंबरात), खोट येते. म्हणून आबांना माझ्या उजव्या खांद्यामागे उभं केलं, टाळ रेटिनोस्कोपच्या अगदी शेजारी. खोली अंधारी. पहिल्या दिवशी आवाज सहा मीटरवर, आज हातभर अंतरावर. मुलगी तीच, टाळ तेच, वाजवणारे तेच. काय मोजायचं आहे ते बदललं, तशी आवाजाची जागा बदलली. या प्रकरणातून मला इतरांना सांगायचं असेल तर एवढंच आहे.

सुरुवातीला थोडी गडबड झाली. आबा खुशीत होते, नातीसाठी लय चढवत गेले. मुलगी हसायला लागली आणि ठेक्यावर डोलायला लागली. डोलणाऱ्या डोक्यात सावली दिसत नाही. मी म्हटलं, ‘आबा, काकड्यासारखं संथ.’ त्यांनी लय उतरवली, टाळांच्या नुसत्या कडा हलक्या हाताने टेकवू लागले, आणि डोलणं थांबलं. जलद ठेका अंगात शिरतो, संथ ठेका नजरेत राहतो, निदान या मुलीत तसं होतं. शिवाय अंधाऱ्या खोलीत कानाजवळ पूर्ण टाळ वाजला असता तर ती दचकली असती.

हाताच्या अंतरासाठीचे १.५० वजा करून माप आलं: उजवा +३.५०, डावा +५.५०. ॲट्रोपिननंतर आणखी एक डायॉप्टर वजा करायची पद्धत पुस्तकांत आहे, पण डोळा आत वळत असेल तेव्हा पूर्ण नंबर द्यावा, असं आमच्या नेत्रतज्ज्ञांनी ठरवलं आणि तेच योग्य होतं. पडदा बघताना त्यांनीही आबांना कामाला लावलं. मूल आईच्या मांडीवर आडवं. आबा डोक्याच्या वर उभे राहून टाळ वाजवायचे की डोळे वर, उजव्या बाजूला गेले की डोळे उजवीकडे. डॉक्टरांना जो भाग बघायचा तो त्या दिशेला नजर गेली की समोर येतो. तीन दिशा झाल्या, चौथीला मुलगी थकली आणि रडली, आणि आम्ही थांबलो. पडदा आणि मधला भाग निरोगी होता, गाठ नव्हती. आईने ते दोनदा विचारून खात्री करून घेतली.

चष्मा लागून सहा आठवडे झाल्यावर तिसरी भेट झाली. तोवर ॲट्रोपिनचा असर उतरला होता. चष्म्यातून लांब बघताना डोळे जवळजवळ सरळ होते, जवळ बघताना थोडे आत. तिरळेपणाचा मोठा वाटा प्लस नंबरामुळे फोकस करताना पडणाऱ्या ताणाचा होता, हे त्यावरून कळलं.

आता खरी दृष्टी मोजायची होती. त्यासाठी आम्ही चार आकृत्यांचा तक्ता वापरतो: सफरचंद, घर, वर्तुळ, चौकोन. फिनलंडच्या नेत्रतज्ज्ञ लेआ ह्युवारिनेन यांनी १९७६ मध्ये तो तयार केला. चारही आकृत्या दिसेनाशा होताना सारख्याच धूसर होतात, सगळ्या गोल दिसू लागतात, म्हणून मूल अंदाजाने बरोबर सांगू शकत नाही. तक्ता तीन मीटरवर, मुलीच्या मांडीवर चार आकृत्यांचं कार्ड, तिने फक्त जुळणारी दाखवायची. सफरचंदाला ती ‘बदाम’ म्हणायची. चालतं. नाव कुठलंही असो, प्रत्येक वेळी तेच हवं.

सवयीने आम्ही आबांना तक्त्याशेजारी बसवलं, टाळ सुरू केले, आणि सगळं बिघडलं. मुलगी आबांकडे बघत राहिली, कार्डाकडे बघेना. बोट ठेवायची ते कुठेही. उजव्या, चांगल्या डोळ्यानेही मोठ्या ओळी चुकल्या. क्षणभर मला वाटलं, चष्मा चुकला का. मग टाळ बंद करायला सांगितले. शांत खोलीत तिने त्याच ओळी झटपट दाखवल्या. सावली बघायची तपासणी मुलाकडून फक्त नजर मागते, तिथे टाळ मदत करतात. तक्त्याची तपासणी विचार मागते: लांबचं बघ, लक्षात ठेव, खाली बघ, जुळव. त्या वेळी ठेका तिच्या डोक्यातली जागा अडवत होता. मग आम्ही असं केलं: एक ओळ शांततेत, ओळ पूर्ण झाली की आबांचं एक आवर्तन, पुन्हा शांतता. उजवा डोळा ६/९, डावा ६/२४ (खालचा आकडा जितका मोठा, तितकं कमी दिसतं). डाव्याचं माप तीन वेळा घेतलं.

उपचार म्हणून उजव्या डोळ्यावर रोज दोन तास पट्टी. मध्यम प्रकारच्या आळशी डोळ्यात दोन तासांची पट्टी सहा तासांइतकीच परिणामकारक ठरते, असं अमेरिकेतल्या बालनेत्र संशोधकांच्या गटाने तीन ते सात वर्षांच्या मुलांवर केलेल्या अभ्यासात २००३ मध्ये दाखवलं. त्यातला एक तास जवळच्या कामाचा होता. शेतावर राबणाऱ्या घरात दोन तास आणि सहा तास यांतला फरक फार मोठा आहे. आईने ते दोन तास संध्याकाळचे ठरवले, मुलगी डाळ निवडायला आणि मणी ओवायला बसायची. चार महिन्यांनी डावा डोळा ६/१२ वर आला.

आता या पद्धतीवरच्या माझ्या शंका. एका मुलीवरून टाळांचं श्रेय ठरवता येत नाही. तिची नजर टाळाने धरली की आबांनी, हे मला वेगळं करता आलेलं नाही. आबांचेच टाळ रेकॉर्ड करून मोबाईल सहा मीटरवर ठेवून बघितला. ती आवाजाकडे वळली, पण लगेच आबा कुठे आहेत ते शोधत इकडेतिकडे बघू लागली. मी स्वतः टॉर्चला घुंगरू बांधून वाजवलं, तिने बघितलं, पण थोडाच वेळ. ओळखीच्या माणसाच्या हातातला आवाज वेगळा, एवढं मी म्हणेन. पुढे आवाजाने त्रास होणारा एक मुलगा आमच्याकडे आला, टाळ वाजताच त्याने कान झाकले. त्याच्यासाठी अंधारी खोली आणि अबोल तपासणीच बरी ठरली. वारंवार आवाज करूनही मूल तिकडे वळलंच नाही, तर संगीत बदलत बसण्याआधी त्याचे कान तपासायला पाठवावं, हेही आम्ही आता पाळतो.

आमच्या नोंदीच्या कागदावर ‘सहकार्य नाही’ लिहायची जागा आम्ही खोडून टाकली. तिथे आता तीन गोष्टी लिहितो: कशाच्या आवाजाने नजर वळली, आवाज कुठे ठेवला होता, नजर किती टिकली. पुढच्या भेटीला दुसऱ्या कोणी तपासलं तरी त्याला शून्यापासून सुरुवात करावी लागत नाही. या मुलीच्या कागदावर लिहिलंय: टाळ, आजोबा, संथ, आठ मात्रा आणि विराम, तक्त्याच्या वेळी बंद.

पट्टी अजून चालू आहे. जवळ बघतानाचा उरलेला तिरळेपणा पुढच्या भेटीत पुन्हा मोजायचा आहे, आणि तो तसाच राहिला तर चष्म्यात खाली जवळचा नंबर द्यायचा का, हे नेत्रतज्ज्ञ ठरवतील. तारीख एकादशीला येत होती. आबांनी ती एक दिवस पुढे ढकलून घेतली.